त्यानं घेतलेला चहा

पावणे औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या कारखान्याला पुठ्ठ्याचे खोके पुरवणारा एक तळवलीचा माणूस आहे. बोलता बोलता त्याची मान डावीकडे झटकन वळते, घशातून बारीक हुंकार निघतो, आणि काहीच झालं नाही असं दाखवत तो अंगठ्यानं पुठ्ठा दाबून दाखवतो. पिशवीत ताकाची बाटली असते. चहा तो कधीच घेत नसे.

ते मला लागायचं. मी हमाली करत वर आलेला माणूस. माझ्या चहाला कुणी नाही म्हटलं की डोकं फिरतं. आमच्याकडे सौदाही चहावरच पक्का होतो. गेल्या महिन्यात तो भावावर अडून बसला, तेव्हा मी कप पुढे सरकवला. "चहा घे, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

त्यानं घोट घोट करून तो संपवला. थोड्या वेळानं, चहामुळे की माझ्या दमदाटीमुळे कोण जाणे, त्याची मान थांबेना. हुंकार मोठे झाले. पॅकिंगवाले हसायला लागले.

"टुरेट म्हनतात या आजाराला, शेट. लहानपनापासून हाय. गोळ्या चालूच हायेत. चाय सोडली की मला जरा कमी होतं, म्हनून नको बोलायचो."

"मग आधी सांगायचं ना."

"सांगितलं की लोक मालाकडं नाय, मानेकडं बघतात."

मग त्यानं मी मागितलेला भाव मान्य केला. त्याला फक्त तिथून निघायचं होतं, हे मला कळत होतं. तरी मी त्याच भावानं ऑर्डर लिहून दिली.