इवायाचं पाणी

या जगात पाणी कळलेला माणूस एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझ्या नशिबी इवाई म्हणून आला. इवाई म्हणजे व्याही. पण व्याही म्हटलं की मला कुणीतरी लग्नपत्रिकेतला माणूस आठवतो. इवाई म्हटलं की पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा आणि हातात पाण्याची बाटली घेतलेले आमचे इवाई थेट समोर उभे राहतात. तुम्ही आम्ही पाणी पितो. इवाई पाण्याची चौकशी करतात. पहिला घोट ते लगेच गिळत नाहीत. डोळे मिटून तो आधी डाव्या गालात नेतात, मग उजव्या गालात आणतात, आणि गिळल्यावर निकाल देतात. "बोरचं हाये. दोनशे फुटाच्या खालचं." "हे टँकरचं हाये." एकदा अमरावतीतल्या एका बड्या वकिलांच्या घरी त्यांनी भर बैठकीत सांगितलं, "पानी धरनाचं हाये, पन टाकी सा मईन्यात धुतली नाही." वकीलसाहेबांनी ते हसण्यावारी नेलं. पण आम्ही जिना उतरत होतो तेव्हा गच्चीवर टाकीचं झाकण उघडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला आहे.

याला कारण आहे. इवायांचं गाव अकोल्याच्या उत्तरेला, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात. वर काळीभोर जमीन, कापूस पाहावा तर दृष्ट लागेल असा, आणि खाली पाणी मात्र खारं. विहीर खणली तर खारं, बोर मारली तर त्याहून खारं. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि अंघोळ करून माणूस बाहेर आला की अंग जास्तच चिकट लागतं. आता गावात नळ आले आहेत, पण इवायांची जीभ नळाच्या आधीची आहे. शिवाय हे सगळं त्यांनीच बोलायचं. बाहेरच्या माणसानं त्यांच्या गावच्या पाण्याला खारं म्हटलेलं त्यांना खपत नाही. "खारं नाही, जड हाये," असं ते ताडकन सुनावतात आणि मग तासभर त्या माणसाशी बोलत नाहीत.

माझ्या मुलीचं लग्नही पाण्यानंच जुळलं. मंडळी मुलगी पाहायला आली तेव्हा आम्ही जय्यत तयारी केली होती. मुलीच्या पदव्या, तिनं काढलेली चित्रं, तिच्या हातचा चिवडा, सगळं क्रमानं मांडायचं ठरलं होतं. इवायांनी पाण्याचा पेला उचलला आणि डोळे मिटले. डावा गाल फुगला, उजवा गाल फुगला. आम्हाला तेव्हा काही माहीत नव्हतं; माझ्या बायकोला वाटलं, पाहुण्यांची दाढ दुखते आहे. मग इवाई डोळे उघडून म्हणाले, "जमलं." मी विचारलं, "काय जमलं?" तर म्हणाले, "पानी. मुलीचं काय थे आमची बाई पाहीन." पुढचं सगळं विहीणबाईंनी पाच मिनिटांत उरकलं. नगरपालिकेच्या नळानं माझं लग्न लावलं, असं माझी मुलगी अजून पुण्यात मैत्रिणींना सांगत असते.

आमच्या घरी आले की इवाई आधी हात धुतात. दोन मिनिटं नाही, चांगली पंधरा. मग कोपरापर्यंत पांढरा फेस घेऊन बैठकीत येतात आणि कौतुकानं दाखवतात, "पाहा इवाई, फेस!" घरात कुणीही बसलेलं असो, त्या फेसाचं कौतुक केल्याशिवाय सुटका नाही. मुलीचा बाप असल्यामुळे मी ते नेहमी सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्यानं करत आलो आहे.

असेच एकदा फेसानं भरलेले हात घेऊन ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "इवाई, एक गोठ सांगतो. पन थे इथंच जिरली पायजे." गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची होती. खारपाणपट्ट्यात तेव्हा कुणी मुलगी द्यायला तयार नसे. विहीणबाई अकोटच्या पलीकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या. तिकडं विहिरीला साखरेसारखं पाणी. मुलगी पाहून झाली, पसंत पडली, आणि तिचे वडील घर पाहायला येतो म्हणाले. घर पाहायला आलेला माणूस आधी पाणी पिणार. तेव्हा आमच्या या नवरदेवानं आदल्या दिवशी बैलगाडी जुंपली, गाडीत दोन ड्रम टाकले आणि अकोटाकडून गोडं पाणी आणून पहाटे घरचा रांजण भरून ठेवला. सासरेबुवा दोन पेले पाणी प्याले, काही बोलले नाहीत, आणि सुपारी फुटली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय! लगन झालं. दुसऱ्या दिवशी बाईनं सकायी डाय चुलीवर ठेवली, थे दुपारपावतर शिजे ना. थे रडाले लागली. पाहुन्यायले पाजलं थे पानी कोठचं होतं म्हने. म्या भेलो. म्हटलं, आमच्या बुढ्यानं आनलं होतं, मले काई माईत नाही. बुढा बिचारा गुपचाप राह्यला. मरेपावतर त्यानं सुनेचे टोमने खाल्ले, पन माहं नाव नाही सांगतलं."

मला हसू फुटलं. इवाई हसले नाहीत. हातावरचा फेस वाळून चालला होता आणि ते पार गंभीर होऊन म्हणाले, "हासू नका. हे जर तिले समजलं, तर थे मले सोडून माहेरी निंगून जाईन." विहीणबाईंना तेव्हा साठी उलटून गेली होती आणि चार पायऱ्या उतरायला त्यांना कठडा लागायचा. पण हा माणूस खरोखर घाबरलेला होता. "थे भरवशावर आली इवाई," ते म्हणाले, "आन म्या पह्यल्याच दिवशी फशवलं." ती गोष्ट मी जिरवली. बायकोलासुद्धा सांगितली नाही, आणि हे किती अवघड आहे ते लग्न झालेल्या माणसालाच कळेल.

गेल्या हिवाळ्यात मुलीनं आणि जावयानं आम्हा चौघांना मालवणच्या बाजूला समुद्र पाहायला पाठवलं. अकोल्याहून इवायांनी वीस लिटरचा कॅन बरोबर घेतला. जावयानं फोनवर परोपरीनं समजावलं की तिकडं पाणी विकत मिळतं. "इकत मिळते थे पानी नसते," असं म्हणून त्यांनी कॅन स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि तो कोकणापर्यंत तिथेच राहिला. किनाऱ्यावर पोचल्यावर आम्ही सगळे समुद्राकडं पाहत उभे राहिलो. इवायांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, पाण्यात चार पावलं गेले, बोट बुडवून जिभेला लावलं, डोळे मिटले आणि परत येऊन म्हणाले, "आमच्या पाटलाच्या बोरपेक्षा बरं हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीची सफर होती. जावयानं मोठ्या हौसेनं ठरवलेली होडी साधी नव्हती. तिचा तळ आणि बाजू जाड पारदर्शक प्लास्टिकच्या होत्या, म्हणजे बसल्या जागी खालचा सगळा समुद्र दिसणार. खडकांच्या कडेकडेनं अर्धा तास फिरवून आणणार होते. माझ्या बायकोनं ती होडी एकदा पाहिली आणि किनाऱ्यावर सगळ्यांच्या चपला राखायला कुणीतरी पाहिजेच, असं जाहीर केलं. विहीणबाई मात्र गुडघे विसरून सगळ्यांत आधी चढल्या. मागोमाग मी. इवायांनी एक पाय आत टाकला, खाली पाहिलं आणि तो पाय परत काढला. "इवाई, हिले बुड नाही," ते माझ्या कानात म्हणाले. होडीवाल्यानं तळावर वल्ह्यानं ठोकून दाखवलं, "काका, बसा, काय होवचां नाय," म्हणून दंडाला धरून बसवलं. अंगावर एक तरंगायचं जाकीट होतंच. इवायांनी माझ्या बायकोचं मोकळं पडलेलं जाकीट पोटावर बांधून घेतलं, पाण्याची दोन लिटरची बाटली मांडीखाली सरकवली आणि दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली. त्या तळाला पाय लावायची त्यांची तयारी नव्हती.

होडी निघाली. एका हाताला तांबडे कडे, त्यावर माड, आणि खाली पाणी असं नितळ की तळाची वाळू मोजून घ्यावी. विहीणबाई वाकून वाकून पाहत होत्या. खालून पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक घोळका गेला तेव्हा त्यांनी टाळीच वाजवली. "अवो, पाहा त! शाया सुटलेल्या पोट्ट्यायवानी चालले!" इवाई पाहतच नव्हते. त्यांची नजर समोर, थेट क्षितिजावर, आणि ओठ पुटपुटत होते. मी त्यांना म्हटलं, इवाई, एवढे पैसे भरून आलोत, एकदा खाली बघा तरी. त्यांनी मोठ्या मुश्किलीनं मान खाली घातली, आणि नेमकं तेव्हाच त्यांना दिसलं की होडीच्या तळावरून पाणी वाहतंय. खालचं नाही. आतलं.

"बुडलो!" इवाई ओरडले. होडी डुलली, मी बाजू धरली, होडीवाला "खंयचां पाणी?" म्हणून उठला. आणि इवायांनी विहीणबाईंचे दोन्ही हात घट्ट धरले. "अवं, मले माफ कर! थे पानी म्याच आनलं होतं! बुढ्याचा काई दोष नाही वं! म्याच गाडी जुपली, म्याच अकोटाकडून आनलं, म्याच रांजन भरला! आता मराच्या वक्ती खोटं नाही बोलत!"

चाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट अशी दोन दमांत भर समुद्रात बाहेर पडली. विहीणबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मग एक हात सोडवून घेतला, कष्टानं वाकल्या, तळावरच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"गोडं हाये," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाटलीचं बूच निंगालं."

होडीवाला मटकन खाली बसला आणि हसायला लागला. इवाई हसले नाहीत. बुडण्याचा प्रश्न सुटला होता, पण आता त्याहून मोठा प्रश्न समोर बसला होता. विहीणबाईंनी बाटली उचलली, बूच घट्ट केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आन रांजनातलं पानी नुसतं अकोटाकडचं नव्हतं. आमच्याच वावरातल्या इहिरीचं होतं."

इवाई पुरते त्यांच्याकडं वळले. "तुले कोनं सांगतलं?"

"बाबानं. तुमचं घर पाहून आले आन ओसरीवर बसून एकटेच हासत राह्यले. म्हने, येवढ्या दूर पाहुना म्हनून गेलो आन आपलंच पानी पेऊन आलो."

"तुले पाहाले आलो होतो तवा थे पानी पेलो होतो," इवाई अपराध्यासारखे म्हणाले. "तसं पानी म्या जलमात पेलो नव्हतो. म्हनून तिथूनच आनलं. मले वाटलं, पानी ओयखनारा म्या एकटाच."

"ज्यानं जलमभर थेच पेलं, त्याले नाही ओयखाले येनार?"

"मंग तुले देली काहून?"

"माय नाहीच म्हने. बाबा म्हने, खोटं बोलनारे लय पाह्यले, पन पाहुन्याच्या दोन पेल्यासाठी येवढ्या दुरून बैल हाकलत येनारा पोरगा नाही पाह्यला. दे म्हने त्याले. मले सारं माईत होतं. म्या पानी कोठचं म्हून इचारलं, तर तुमी बुढ्याचं नाव सांगतलं. म्हटलं, पाहू, खरं कवा सांगते हा मानूस. टोमने बुढ्याले मारो, पन थे तुमाले आयकवाले. चाईस वर्सं लागले तुमाले."

होडी किनाऱ्याकडं वळली. विहीणबाई पुन्हा मासे पाहायला लागल्या होत्या. खाली उतरल्यावर त्या माझ्या बायकोकडं गेल्या आणि लगेच तिकडून दोघींच्या हसण्याचा आवाज यायला लागला. इवाई बाजूला जाऊन वाळूत बसले. दोन्ही जाकिटं अजून अंगावरच होती. आयुष्यभर पुरेल एवढी थट्टा हाताशी आली होती, म्हणून मी मोठ्या उमेदीनं त्यांच्याजवळ गेलो. म्हटलं, चला इवाई, सुटलात. आता विहीणबाई माहेरी निघून जातील ही भीती गेली.

ते वर न पाहता म्हणाले, "इवाई, म्या सासऱ्याच्या घरी कदी मुक्काम नाही केला. दिवाईले बाईले पोचवाले जावो आन दारातूनच परत फिरो. म्हातारा म्हने, जावईबापू, बसा घडीभर. म्या म्हनो, यष्टी चुकीन. मले वाटे, याच्यापाशी बसलो आन यानं इचारलं तर?" त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "थो दारात उभा राहून गालातल्या गालात हासे. मले वाटे, थो मले हासते. आता समजून राह्यलं, थो मी कवा बसतो याची वाट पाहे."

सासरे जाऊन अठरा वर्षं झाली होती. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि एवढी जमून आलेली थट्टा मला करता आली नाही. मी नुसता शेजारी बसलो. मग ते समुद्राकडं पाहत म्हणाले, "एक डाव बसलो असतो न इवाई, तर दोघं मिळून किती हासलो असतो."