क्लचच्या थाळीवर माझं नाव

आमचा छोटा ट्रॅक्टर मूळचा पाचगणीचा. तिथल्या एका बंगल्यात गवत कापायचा. बंगला विकला गेला तेव्हा आमचे हे फौजेतून सुट्टीवर आले होते. त्यांनी तो उचलून विट्याजवळच्या आमच्या द्राक्षबागेत आणला. मोठा ट्रॅक्टर दोन ओळींत घुसत नाही, हा घुसतो. वय जवळपास माझ्याएवढं धरा. फरक इतकाच, की ह्याला भंगारात घालायचं का, यावर घरात उघड चर्चा होते.

यंदा संक्रांतीच्या सुमाराला इंजिन फटफट वाजायचं आणि चाकं जागची हलायची नाहीत. क्लच पुरता गेला होता.

"आई, आता बास," लेक म्हणाला. "पार्ट मिळत न्हाईत ह्याचे. देऊन टाकू भंगारात."

"पार्ट मिळत नाहीत हे कोण म्हणालं?"

"समदेच म्हणत्यात."

समदे म्हणजे कोणीच नाही, हे मला कळतं. नव्या ट्रॅक्टरची रंगीत चित्रं त्याच्या फोनमध्ये मी पाहिली होती. शेवटी असं ठरलं, की एकदा क्लच उघडून बघायचा. जमला तर ठीक, नाहीतर भंगार. आणि त्याने मिस्त्री आणला तो नेमका त्या माणसाचा मुलगा, ज्याला मी चाळीस वर्षं चोर म्हणत आले होते. मला वाटलं, झालं! दोघांनी भंगाराचं आधीच ठरवलंय.

हा चोरीचा मामला काय, ते सांगते. तेव्हा मी होते तिशीची, अक्कल मात्र पंधराची. हे सीमेवर. क्लच घसरायला लागला म्हणून ह्या मिस्त्रीच्या वडिलांना बोलावलं. त्यांनी पिन ठोकून काढली, शाफ्ट ओढला आणि त्यावरचं एकेक सामान घमेल्यात मांडलं. स्प्रिंगा, बेरिंग, मधली क्लचप्लेट आणि तिला दोन्हीकडून दाबणाऱ्या दोन लोखंडी थाळ्या. "उद्या समदं दुकानात नेतो, वैनी," म्हणाले आणि गेले.

दुकानात! तिथे मिस्त्री लोक चांगला माल काढून घेतात नि घासलेला बसवतात. मला कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. मला आपलं माहीत होतं. लग्नाकार्याला भांडी शेजारी जातात तेव्हा नाव घातल्याशिवाय आपण साधी वाटी देत नाही. मग या एवढ्या जाड थाळ्या बिननावाच्या कशा द्यायच्या? सकाळी उठून भांड्यांवर नावं घालणाऱ्याला बोलावलं.

"ही कसली थाळी वो? मधी भोक हाय," तो म्हणाला.

"तुला त्यात जेवायचंय का? घाल नाव."

त्याने चांगला गुळगुळीत भाग बघून छिन्नीने ठोकत 'सौ.'पासून गावापर्यंत सगळं घातलं. दोन्ही थाळ्यांवर. मी वर एकेक फूलही काढून घेतलं.

मिस्त्री आले. थाळी उलटसुलट करून म्हणाले, "वैनी, हे घासून काढाय लागंल."

बघा! नाव घासायला निघालेला माणूस चोर नाही तर कोण? "एक अक्षर पुसलंत तर याद राखा," असा दम दिला. त्यांनी थाळ्या तशाच उचलल्या. क्लच बसवून मिळाला आणि त्या दिवसापासून पेडल सोडलं की ट्रॅक्टर दावं ओढणाऱ्या म्हशीसारखा हिसका द्यायचा. माझी खात्रीच पटली. थाळ्या बदलल्या! आत बसलेल्या, दिसणार कशा? मग हळदीकुंकवाला जाईन तिथे वाणाबरोबर ही बातमीही वाटली. त्या माणसाला पुन्हा दारात उभं केलं नाही.

तर आता त्याचा मुलगा अंगणात क्लच उघडत होता आणि मी खुर्ची टाकून समोर. निघेल त्या सामानाचा फोटो काढत होते.

"फोटो कशाला, काकी?"

"नातीला दाखवायला."

त्याने थाळी बाहेर काढली, रॉकेलच्या फडक्याने पुसली, उन्हात धरली आणि मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली, "सौ..." पुढे माझं अख्खं नाव. गावासकट. माझा लेक धावत आला. मी पदराने घाम पुसला. थंडीचे दिवस होते.

"बाबा सांगायचे ह्याबद्दल," मिस्त्री म्हणाला.

"काय सांगायचे?"

"जाऊ द्या, काकी." मग त्याने बोट फिरवून दाखवलं. छिन्नीने ठोकलं की अक्षरांच्या कडा वर येतात. त्या कडांनीच प्लेटीचं अस्तर इतकी वर्षं खाल्लं होतं. हिसका त्याचाच. "थाळ्या लय चांगल्या हायत. लेथवर तासल्या आन् प्लेटीला नवं अस्तर मारलं की झालं. पार्ट आनायलाच नको. पन नाव जाईल."

"पार्ट मिळत नाहीत म्हणालास ना?" मी लेकाकडे वळले. तो गोठ्याकडे निघून गेला.

नाव ठेवलं तर ट्रॅक्टर भंगारात. नाव गेलं तर थाळी कोणाचीही. मी बराच वेळ थाळी सोडलीच नाही.

"मी बरोबर येते," शेवटी म्हटलं.

"या की. गाडीवर नीट बसा म्हंजे झालं."

विट्यात लेथपाशी स्टूल मागून घेतलं आणि पापणी न हलवता बसले. थाळी गरगर फिरायला लागली तशी अक्षरं फिकट होत गेली. मशीन थांबलं की मी वाकून बघायची, काय राहिलंय. आधी फूल गेलं. मग गाव. 'सौ.' तसंही तीन वर्षांपूर्वीच गेलं होतं, त्याचं काही वाटलं नाही. माझं नाव मात्र जरा चिवट निघालं.

दोन दिवसांनी ट्रॅक्टर चालला. पेडल सोडलं आणि लोणी ओघळावं तसा पुढे सरकला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. लेकाने भंगाराचं नाव काढलं नाही.

द्राक्षं उतरल्यावर त्याच ट्रॅक्टरवरून आलेली पहिली पेटी मिस्त्रीच्या वडिलांना पाठवली. आता ते घरीच असतात. चिठ्ठी वगैरे काही लिहिली नाही. समजायचं ते समजतील.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. इतक्या वर्षांनी आवाज तोच. "वैनी, घड मोजून घेतलं. तेवीस भरलं. तेवढंच पाठवलं हुतं न्हवं?"

मी पंचवीस पाठवले होते. पेटी माझा लेक घेऊन गेला होता.