आक्काची न घासलेली ताटली

आक्काला मळकं भांडं बघवत नसे. स्वतःचं असो की शेजारणीचं, दिसलं की तिचा हात राखेकडे गेलाच. एकोणीसशे पंचाहत्तरच्या सुमारास म्हसवडजवळ धरणाचं काम चालू होतं, तिथे ती मजुरांना पाणी वाटायची. मी नवा ओव्हरसियर. नुकताच डिप्लोमा झालेला, त्यामुळे सगळं कळत असल्याच्या थाटात वावरायचो.

खडी फोडणारा क्रशर मजुरांच्या झोपड्यांलगतच बसवला होता. आक्काची सून खोकून खोकून अर्धी झाली होती. कामावरचे मोठे साहेब मला म्हणाले, "आठ दिवस धूळ मोजा. झोपड्यांवर पडत असेल तर क्रशर टेकडीपलीकडे हलवू." मी नकाशा काढला आणि धूळ चिकटावी म्हणून तेलाचा हात फिरवलेल्या ताटल्या सारख्या अंतरावर मांडायला निघालो.

आक्काने डोक्यावरची घागर न उतरवताच हटकलं. "आवं सायेब, हितं कशापायी? सांजंला वारा खाली वळतोय. भाकरी कुटं कचकचती ते बगा, तितं धूळ." मग तिने मला झोपडी-झोपडीत नेऊन एकेक घास खायला लावला. तिच्या घरची भाकरी दाताखाली अशी कचकचली की मी निमूट नकाशा गुंडाळला, बाकीच्या ताटल्या परत नेल्या आणि एकच ताटली तिच्या दारात ठेवली.

आठ दिवसांनी साहेब आले, तर ताटली लखलखीत! "कुठाय धूळ?" म्हणून ते हसले आणि क्रशर आहे तिथेच ठेवा म्हणाले. मी आक्काकडे बघितलं.

"मी रोज घासत हुते की," ती म्हणाली. "दारात मळकी ताटली बगून लोक काय म्हनत्याल?"

मी तिला नको नको ते बोललो. धूळ आठ दिवस साठू द्यायची असते, हे मीच तिला सांगितलं नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

साहेबांच्या विनवण्या करून आणखी आठ दिवस मिळवले. आक्का ताटलीजवळून जाताना तोंडावर पदर ओढून घ्यायची. "दिसली की हात शिवशिवत्यात," म्हणायची. ताटली करडी झाली, क्रशर हलला, आणि महिन्याभरात सुनेचा खोकला उतरला.

ती ताटली मात्र आक्काने तशीच फडक्यात बांधून ठेवली. "दुसरा सायेब आला आन् धूळ न्हवतीच म्हनला, तर?"

काम संपलं, झोपड्या उठल्या. त्या दिवशी तिने फडकं सोडून माझ्यापुढे ठेवलं.

"सायेब, आता घासू का?"

 मी मान हलवली. तिने राखेने ती ताटली घासघासून घासली आणि तिच्यातच मला भाकरी वाढली. मी सावकाश चावून खाल्ली. कुठेच कचकचली नाही.