पंधरा भोकांचे दार

मामूंच्या दुकानात माल दाखवण्याआधी गिऱ्हाइकाला दहा मिनिटे अंधारात बसवले जाई. यातून कोणालाही सूट नव्हती. एकदा एक पोलीस अधिकारी घाईत आले होते. त्यांनाही मामूंनी स्टुलावर बसवले, दार लावून घेतले आणि बाहेरून सांगितले, "साहेब, आधी डोळ्याला मौका द्या. मशीन कुठं पळून जात नाही."

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळातले हे दुकान पूर्वी फोटो स्टुडिओ होते. आमच्या दैनिकाची छायाचित्रे तिथेच धुऊन निघत. फिल्मचा जमाना संपला तेव्हा मामूंनी कॅमेरे आणि दुर्बिणी दुरुस्त करायला घेतल्या. पुढे अंधारात पाहण्याची यंत्रे स्वस्त झाली, पार्सलने येऊ लागली. मामू तीही ठेवू लागले आणि त्यांची मागची डार्करूम पुन्हा कामाला आली. रात्रीची वस्तू ते भर दुपारी विकत. आमच्या दैनिकातल्या मंडळींना दुपारीच काय ती फुरसत असल्यामुळे हा व्यवहार आम्ही वर्षानुवर्षे पाहिला.

डार्करूमचे दार पत्र्याचे होते, काळ्या रंगाचे. मामूंनी त्याला खिळ्याने पंधरा भोके पाडली होती आणि प्रत्येकात आगकाडी खोचलेली होती. एक काडी म्हणजे एक तिथी. पंचमीची रात्र हवी असेल तर पाच काड्या काढायच्या, पौर्णिमेला सगळ्या. अमावस्येला एकही नाही. मग दाराखालच्या फटीतून येईल तेवढेच चांदणे. आत भिंतीवर एक सोलापुरी चादर, दांडी तुटलेली किटली आणि खडूने लिहिलेला एक आकडा असे. आकडा रोज बदले. गिऱ्हाइकाने खोटे सांगू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

काड्या काढण्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. "पैले बोलो, देखना क्या है?" मराठी माणसाला तोच प्रश्न मराठीत. उत्तरे नाना तऱ्हेची येत. एका निवृत्त मास्तरांना दारातली दुधाची पिशवी पहाटे कोण नेतो ते पाहायचे होते. मामू म्हणाले, "मास्तर, तुम्हाला मशीन नको. दारावर बल्ब लावा. चोराला तुम्ही दिसला की झालं." एका तरुणाने बराच वेळ आढेवेढे घेऊन समोरच्या गच्चीचा उल्लेख केला. त्याला मामूंनी पाणी पाजले आणि बोळाच्या तोंडापर्यंत स्वतः सोडून आले. शिकारीसाठी मागणाऱ्याला ते "माल संपला" म्हणत. माल समोर मांडलेला असे.

खोक्यावरच्या मजकुरावर त्यांचा विश्वास नव्हता. तीनशे मीटरपर्यंत दिसते असे छापलेले कोणी दाखवले की ते म्हणत, "हे खोक्याचं म्हणणं आहे. तुमच्या डोळ्याचं म्हणणं आपण आत जाऊन ऐकू." दहा मिनिटांनी बाहेर येणाऱ्यांपैकी पुष्कळजण काहीच न घेता घरी जात. आपल्याला मशीनशिवाय बरेच दिसते, हा शोध त्यांना त्या स्टुलावर लागलेला असे. धंद्याचे असे कसे चालेल, असे विचारले की मामू हसत. "जो घेतो तो परत भांडायला येत नाही ना. हौ, तेवढं बस आहे."

जनाक्का एका एप्रिलच्या दुपारी आल्या. सांगोल्याकडच्या मेंढपाळ, वय पन्नाशीचे, खांद्यावर घोंगडी. त्या हंगामात त्यांची सात कोकरे लांडग्याने नेली होती. थोरला मुलगा पुण्याकडे कंपनीत होता आणि मेंढरे विकून तिकडे या म्हणत होता. आणखी एक कोकरू गेले तर विकायची, असा शब्द त्यांनी मुलाला देऊन ठेवला होता. हे सगळे त्यांनी बसायच्या आधीच सांगितले.

मामूंनी प्रश्न विचारला.

"बघायचं काय म्हंजे? लांडगा."

"लांडगा दिसला तर काय करणार, आक्का?"

"वरडनार."

"मग बॅटरी घ्या. स्वस्त पडेल."

"बॅटरी हाय की घरात. उजेड पडला की त्यो दुसऱ्या अंगानं येतो आन मेंढरं बिथरत्यात. त्याला कळू न देता मला दिसाय पायजे."

मामूंनी आमच्याकडे पाहून मान हलवली. इतके नेमके उत्तर त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाले नव्हते. त्यांनी अमावस्या केली आणि जनाक्कांना आत बसवले. पाच मिनिटांतच आतून आवाज आला.

"मामा, चादर उंदरानं कुरतडलीया खालच्या कोपऱ्यात. किटलीला दांडी न्हाय. आन ह्यो आकडा सत्तावीस हाय का?"

आकडा सत्तावीसच होता. मशीन हातात नसताना अमावस्येला तो वाचणारे गिऱ्हाईक आम्ही तरी दुसरे पाहिले नाही. चादर कुरतडलेली आहे हे मामूंनाही त्या दिवशी कळले.

मग मामूंनी तीन यंत्रे आत दिली. पहिल्या दोन्हींचे पडदे मोठे होते, चित्र झगझगीत. तिसरे सर्वांत स्वस्त, एका डोळ्याचे, लहान पडद्याचे. माणसाला न दिसणारा प्रकाश सोडणारा दिवा तिन्हींना होता. जनाक्कांनी पहिले लावले, काढले आणि आतूनच हाक मारली.

"मामा, मशिनीत लई झ्याक दिसतंय. पर ती काढल्यावर मला आता किटलीच दिसंना. माजंच डोळं दिपलं की."

हा दोष कोणत्याही खोक्यावर छापलेला नव्हता. पडद्याच्या उजेडाने डोळ्याची अंधाराची सवय मोडते. मामूंना ते ठाऊक होते, पण त्यावर उपाय नाही असे ते धरून चालले होते. जनाक्कांनी तो तिथेच सांगितला.

"चूल फुकताना आमी एक डोळा मिटतो. मिटलेला डोळा घिऊन भाईर आलं की अंधारात ठेच लागत न्हाय. तसंच करायचं. एक डोळा मशिनीला, एक मेंढरांना."

त्यांनी तिसरे यंत्र पसंत केले, कारण त्याचा पडदा सर्वांत मंद होता. त्यातही एक खोट काढली. पडद्याचा उजेड गालावर पडत होता. "माजं थोबाड उजळलं तर लांडग्यालाच मी दिसनार." बाहेर येऊन घोंगडीचे टोक यंत्राच्या तोंडाभोवती गुंडाळून त्यांनी ते डोळ्याला लावून दाखवले. मामूंनी कात्री काढली. घोंगडीचा तुकडा कापू का, असे विचारताच जनाक्का म्हणाल्या, "कापा की. कोकरापरास घोंगडी म्हाग न्हाय." मामूंनी त्याचे कडे शिवले, यंत्राला बसवले आणि येत्या अमावस्येनंतर पैसे द्या किंवा मशीन परत आणा, असे सांगून त्यांना वाटेला लावले.

अमावस्या झाल्यावर चौथ्या दिवशी त्या आल्या. यंत्र पिशवीत होते. मामूंचा चेहरा उतरला. आठवे कोकरू गेले असावे, असे आम्हालाही वाटले.

"लांडगा दिसला का?"

"न्हाय. कुत्रं दिसलं."

त्यांच्या कुत्र्याचे नाव सरदार. राखणीत त्याच्यासारखा कुत्रा पंचक्रोशीत नाही, असे त्या स्वतःच सर्वांना सांगत. यंत्र नेले त्याच रात्री त्यांनी त्यातून पाहिले, तो सरदार वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, सोडून निघालेला. "मधीच थांबून मागं वळून बघितलं त्यानं, आमी जागं हाय का म्हनून. दोन दिवं लागल्यागत डोळं. आन गेला की द्राक्षाच्या मळ्यात, राखनदाराकडं. तितं त्याला रस्सा-भाकरी मिळती. उजाडायला परत, जसं काय रातभर हितंच हुता."

मामू हसता हसता स्टुलावर बसले. "आणि लांडग्याला हे माहीत होतं?"

"लांडग्याला ठावं, मळेवाल्याला ठावं. आमालाच ठावं न्हवतं."

सरदारची भाकरी आता सर्वांत शेवटी, सगळे आडवे झाल्यावर, वाघरीजवळच दिली जात होती. चार दिवस त्याने तोंड फिरवले, मग मुकाट्याने खाऊ लागला. जनाक्कांनी यंत्र टेबलावर ठेवले. "ह्याचं काम झालं. दुसऱ्या कुनाला द्या." मामूंनी ते घेतले आणि त्यांना चहा पाजला. यंत्राचे भाडे मात्र शेवटपर्यंत घेतले नाही.

त्या हंगामात आठवे कोकरू गेले नाही. मेंढरे राहिली. त्यानंतर मामूंच्या दुकानातल्या प्रत्येक यंत्राला घोंगडीचे कडे असे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एक डोळा मिटायला सांगितले जाई. ते कोणी शिकवले हे मामू न विचारता सांगत, "सांगोल्याच्या आक्का." आमच्या कार्यालयातही बातमीदाराला बाहेर धाडण्यापूर्वी "बघायचं काय?" असे विचारण्याची पद्धत पडली. उत्तर नसेल तर तो परत खुर्चीवर बसे. पुष्कळ फेऱ्या वाचल्या.

गेल्या वर्षी इमारत पाडायची ठरली आणि मामूंनी गुलबर्ग्याला मुलीकडे जायचे ठरवले. शेवटच्या दुपारी भंगारवाला पत्र्याचे दार बिजागऱ्यांतून काढत होता. तेवढ्यात निरोप मिळून जनाक्का भाड्याच्या जीपने आल्या. मामूंना घरचे तूप दिले, रिकाम्या दुकानात एक फेरी मारली आणि दारापाशी थांबल्या.

"ह्ये दार कुटं चाललं?"

"भंगारात, आक्का."

"मला द्या. कोकरांच्या खोपटाला दार न्हाय."

"भोकं आहेत त्याला. पंधरा."

"असू द्या की. वारा लागंल."

भंगारवाला थोडा कुरकुरला, पण बाजूला झाला. दार जीपच्या टपावर उभे बांधण्याआधी मामूंनी एकेक करून पंधराही काड्या काढल्या. वाटेत पडतील, एवढेच कारण त्यांनी दिले. काड्या मोजल्या नाहीत. सदऱ्याच्या खिशात टाकल्या. जीप बोळातून हळू बाहेर पडली, तेव्हा दाराच्या भोकांतून ऊन आरपार येत होते.