पाइपात सोडायची वगळून

पंचांगापेक्षा पत्रकं जास्त असलेल्या घरात मी वाढलो. नामांतराच्या चळवळीत पत्रकं चिकटवायच्या खळीची बादली उचलली, आणि कॉलेजात असताना स्वतःचं पहिलं पत्रक छापून गावोगाव वाटलं: ‘दारूचा एक थेंबही हातात धरणार नाही!’ खाली माझी ठळक सही.

पुढं नोकरी लागली समुद्रातून येणाऱ्या गॅसच्या कारखान्यात. काम एकच, गॅसच्या पाइपात मिथेनॉल, म्हणजे एक जातीचं स्पिरिट, सोडायचं.

मुलगी बघायला चुडाव्याला गेलो. पोहे देताना तिनं माझ्याकडं सरळ बघितलं, आणि मी मनोमन ठरवून टाकलं.

“पावणं, काम काय करता?” तिच्या वडिलांनी विचारलं.

‘गॅसचं काम, एवढंच सांग,’ असं बाबांनी वाटेत बजावलं होतं. पण अर्धं खरं बोलणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं.

“पाइपात स्पिरिट सोडतो. दारूचंच भावंड.”

त्यांनी खिशातून घडीचा कागद काढला. माझंच पत्रक.

“ही सही कोणाची?”

“माझीच, मामा. पण ते पिण्याचं नाही. प्यालं तर माणूस आंधळा होतो, मरतो.”

“म्हंजे दारू न्हाई, इख हाय. लय चांगलं!”

बाबांनी कपाळाला हात लावला. स्थळ हातचं चाललं होतं.

तेवढ्यात दारातून मुलीनं विचारलं, “पण पाइपात सोडायचं कशाला?”

“गॅसमध्ये पाण्याचा अंश असतो. दाब आणि गारवा मिळाला की गॅस आणि पाणी मिळून बर्फासारखा गोळा होतो, पाणी गोठण्याइतका गारवा नसला तरी. पाइप तुंबतो. स्पिरिट तो गोळा होऊ देत नाही.”

“मग मीठ टाका की. कुल्फीवाला टाकतो, बर्फ लगेच पाघळतोय.”

मी चाट पडलो. “मिठानंही जमतं. पण मीठ लोखंड खातं.”

“खातंय की!” मामा एकदम पुढं सरकले. “आमच्या हिरीचं पाणी खारं. इंजिनाचा पाइप दोन सालात चाळणी झाला!”

त्या पाइपावर ते अर्धा तास बोलले. मग म्हणाले, “पोरगी देतो. पण हे पत्रक गावात घरोघर हाय. दुरुस्त करून छापा.”

“छापलेला शब्द मी फिरवत नसतो!”

बाबांनी माझ्या पायावर पाय दिला.

“फिरवू नका,” ती म्हणाली. “पुढं जोडा.”

लग्नपत्रिकेआधी नवं पत्रक निघालं: ‘दारूचा एक थेंबही हातात धरणार नाही! पाइपात सोडायची वगळून.’

खाली सह्या दोन होत्या.