मांडीवरचा टेपरेकॉर्डर

आमच्या जत्रेच्या नाटकात टेपरेकॉर्डर मी माझ्याच मांडीवर ठेवला, आणि त्या नाटकाचा, विंगेतून ओळी पुरवणारा प्रॉम्प्टरही मीच होतो.

एवढी अक्कल पाजळूनही पुढची पंचवीसेक वर्षं मी रामनगरात छाती काढून फिरलो. कारण बाईंचा आवाज फक्त माझ्या ट्रंकेत होता. बाई म्हणजे खानापूरच्या गाणाऱ्या नटी. आम्ही नाटकवाले सगळे भातशेती करणारे, मिशी काढायला एकही तयार नाही. म्हणून नायिकेच्या कामाला त्यांना सुपारी देऊन आणायचो. त्यांच्या एका पदासाठी नंदिगड्ड्याची माणसं जंगलातून चालत यायची, आणि नायक बोलायला लागला की विडी ओढायला बाहेर जायची.

टेप मात्र बाई कुणालाच करू देत नसत. "क्यासेटीत गावले तर मला कोण बोलवंल?" म्हणायच्या. दोन वर्षं मागे लागलो तेव्हा मला एकदाच परवानगी मिळाली. ती क्यासेट मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली. झिजेल म्हणून कधी लावलीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी घरी आली. ऑपरेशनमध्ये बाईंचा आवाज गेला होता. पाटीवर लिहून बोलायच्या.

"मामा, आईला एकदा तिचा आवाज ऐकवायचा हाय," मुलगी म्हणाली. "मी बी कवा ऐकला न्हाई. ती नाटकाला, मी आजीकडं. घरात तर ती गायचीच न्हाई. हाय न्हवं क्यासेट?"

"हाय म्हंजे! जिवापाड जपलीया."

दुरुस्तीवाल्याकडून जुना टेप मागून आणला आणि दुसऱ्याच दिवशी खानापूर गाठलं. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. गळ्याला पांढरा रुमाल, पण केस विंचरलेले, कुंकू ठसठशीत. मी बटण दाबलं.

आधी पेटी वाजली, मग मी. पदाची ओळ बाई उचलायच्या आधीच मी घोगऱ्या आवाजात ती पुढे ढकलत होतो. मागे त्या गात असाव्यात. नदीपलीकडून कुणी हाक मारावी तेवढंच कानावर येत होतं. मी श्वासाला थांबलो की एक तान वर निघायची, की लगेच पुन्हा मी. 'वन्स मोअर' मात्र लख्ख ऐकू आला. म्हणून सगळं पुन्हा एकदा, मीच.

मुलगी टेपला कान लावून बसली होती. "आता येतंय," मी सांगत राहिलो. क्यासेट उलटली. त्या बाजूलाही मीच.

तिनं कान काढून घेतला. "एवढंच व्हय, मामा?"

"एवढंच."

बाईंनी पाटी ओढली. खडू सावकाश चालला होता. मला वाटलं, इतक्या वर्षांनी टाळ्या तरी ऐकल्या, आभार मानत असतील. त्यांनी पाटी माझ्याकडे वळवली.

"मला सगळं पाठ होतं, गाढवा."