चहानं टाका सुटत नाही

"वर बघून बोल. मेंढरं हाकत नाहीयेस तू."

विभागप्रमुख सर पहिल्या रांगेतून म्हणाले आणि हॉल हसला. मी माईकपुढं उभी. जत तालुक्यातल्या मेंढपाळाची पोर, शस्त्रक्रिया शिकणारी, दुसऱ्या वर्षाची. वडील काय करतात हे सरांना माझ्या प्रवेशाच्या कागदांवरून माहीत. कुठल्या कोट्यातून आले, तेही.

साताऱ्यातल्या आमच्या रुग्णालयात महिन्यातून एका शनिवारी ही बैठक भरते. ऑपरेशननंतर ज्यांचं बिघडलं, त्या रुग्णांवर चर्चा. कल्पना उत्तम आहे. चुका उघड बोलल्या की पुढचा रुग्ण वाचतो. आमच्याकडं ऑपरेशन सर करतात आणि चूक शिकाऊ डॉक्टर वाचून दाखवतो. आम्ही आपसांत तिला पंचायत म्हणतो.

शेवटचं वाक्यही ठरलेलं. माझ्या आष्ट्याच्या सीनियरनं ते सकाळीच पाठ करून घेतलं होतं. "लय डोकं लावू नको. 'चूक माझी सर, पुन्हा होणार नाही' एवढं म्हणायचं, वडा खायचा, वॉर्डात जायचं. मी दोन वर्षं म्हणतोय. काय झालं मला? वजन वाढलं."

रुग्ण लोणंदच्या बाजारातला हमाल. कांद्याची पोती उचलणारा. आतड्याला पीळ पडला होता. सरांनी सडलेला तुकडा कापला, दोन टोकं जोडली. मी शेजारी पोट उघडं धरून उभी. चौथ्या दिवशी सकाळी नाडी एकशेतीसवर गेली, पोट ताठ. सरांना फोन केला.

"पोट फुगतंच. चालव त्याला."

दुपारी पुन्हा केला.

"एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

दुसऱ्या दिवशी पोट पुन्हा उघडलं. जोड सुटला होता. आतमध्ये घाण पसरली होती.

"शिकाऊ डॉक्टरचं लक्ष नव्हतं," सरांनी बैठकीत निष्कर्ष काढला. "आणि घरच्यांनी काहीतरी खायला घातलं असणार. घालतातच हे लोक. विचार जाऊन."

मी म्हणाले, "चूक माझी सर, पुन्हा होणार नाही."

वडा बशीत तसाच ठेवला. आयसीयूकडं गेले ती पेटूनच. हमालाची बायको दाराशी भिंतीला टेकून बसलेली. वयानं माझ्या आईएवढी. मी उभ्यानंच विचारलं, "काय पाजलंस त्यांना? खरं सांग."

ती धडपडत उठली. पदर सारखा केला. "दोन चमचं च्या दिला ओ बाई. तोंड कोरडं पडलं व्हतं, लय मागत व्हते. चुकलं माझं. परत न्हाई करायची."

माझंच वाक्य. तसाच खाली गेलेला आवाज. तशीच खाली नजर. फक्त तिच्याकडून ते कुणी पाठ करून घेतलं नव्हतं. सरांनी माझ्यावर टाकलं होतं, मी एक जिना उतरून तिच्यावर टाकलं. तिच्याखाली कुणी नव्हतं.

हे तेव्हाच कळलं मला. तरी बोलले नाही. हेही लिहायला हवं.

तिसऱ्या दिवशी तो गेला. ती म्हणत राहिली, "म्या मारलं. च्या पाजून म्या मारलं." मी टेबलाशी कागद भरत ते ऐकलं. सरांच्याही कानावर ते गेलं.

पुढच्या बैठकीत मृत्यूची चर्चा होती. पुन्हा मीच वाचणार. सीनियरनं सरांचा निरोप आणला. शेवटी एक ओळ घालायची: मनाई असताना नातेवाइकांनी तोंडावाटे आहार दिला.

"घाल की गं," सीनियर म्हणाला. "त्या बाईला कोण दाखवणाराय?"

"दाखवायची गरजच नाही. ती मानून बसलीय."

मी ओळ घातली नाही. वेळा घातल्या.

वाचून संपायच्या आधीच सर म्हणाले, "चहाचं राहिलं."

"चहानं टाका सुटत नाही, सर."

या वेळी कुणी हसलं नाही. मी माईकचा दांडा धरला आणि पुढं वाचलं. "सकाळी नऊ, नाडी एकशेतीस, सरांना फोन. दुपारी दोन, पुन्हा फोन. संध्याकाळी सहा, पोट आणखी ताठ. तेव्हा मी फोन केला नाही. बोलणी बसतील म्हणून भ्याले. दुसऱ्या कुणा सरांनाही बोलावलं नाही. ती चूक माझी. जोड तुम्ही घातला होता. थांबायचं तुम्ही ठरवलंत. ते माझं नाही. त्या बाईंचं तर नाहीच."

"खाली बस."

"वाचून झालं की बसते, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "प्रबंधावर सही कुणाची लागते, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

सोमवारी हमालाची बायको कागदांसाठी आली. मी खुर्ची पुढं केली. "बसा मावशी." आणि सांगितलं. चहानं काही झालं नाही. आतला टाका सुटला. आम्ही उशीर केला. त्यात मीही होते.

तिनं वर बघितलं. "मग म्हैनाभर मला कशापायी जाळलं?"

माफ करा म्हणाले. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. कागद पिशवीत घालून ती गेली.

आता सरांना केलेला प्रत्येक फोन मी केसपेपरवर लिहिते. वेळ, कुणाला केला, काय उत्तर आलं. खाली माझी सही. आमच्याकडं तशी रीत नाही. सीनियर म्हणतो, "नापास करतील गं तुला." करतील. पुन्हा परीक्षेला बसेन. माझ्या हातून बिघडेल ते माझ्या नावावर लागेल, पूर्ण. दुसऱ्याचं घेणार नाही. आणि दाराशी बसलेल्या माणसावर यापुढं काहीही ढकलणार नाही.